दुसऱ्या पानावरची हिरवी ओळ

मुलुंड पूर्वेच्या निरांजन सोसायटीला लिफ्ट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दोन विंग, चार मजले, आणि गुडघे ज्याचे त्याने सांभाळायचे. लिफ्टचा ठराव दर वर्षी येतो आणि तळमजल्यावरची माणसं दर वर्षी तो हाणून पाडतात. त्यामुळे चौथ्या मजल्यावर जो चढतो तो काहीतरी काम असल्याशिवाय चढत नाही. भीमराज गायसमुद्रे यांच्याकडे असं काम होतं. दर महिन्याच्या एक तारखेला मेंटेनन्सची बिलं ते घरोघरी नेऊन देत.

हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. ते निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, मुलगा सम्यक नोकरीसाठी बंगळूरला होताच. अशात एकदा वॉचमन रजेवर गेला आणि बिलांचा गठ्ठा त्यांच्या हाती आला, तो आलाच. त्यात त्यांची एक खासगी हौसही फिटत होती. सगळी नोकरी त्यांनी टपाल खात्यात सॉर्टर म्हणून, पत्रं पत्त्यांप्रमाणे वेगळी लावण्यात काढली. उभ्या महाराष्ट्राची पत्रं त्यांच्या बोटांखालून गेली, पण कुणाच्या दारात उभं राहून एकही पत्र त्यांनी कुणाच्या हातात ठेवलं नव्हतं. पोस्टमनला लोक पाणी विचारतात, दिवाळीला फराळ देतात. सॉर्टर नावाचा प्राणी अस्तित्वात आहे, हेच मुळात कुणाला ठाऊक नसतं.

तर एक तारखेला सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालत. एका कागदावर दोन बिलं छापलेली असत. ती स्टीलची पट्टी लावून फाडायची, मजल्यांप्रमाणे लावायची आणि निघायचं. कुणाकडे चहा, कुणाकडे मुलाचा निकाल, कुणाकडे नव्या सुनेबद्दल दबक्या आवाजात दोन शब्द. बिल दाराखालून सरकवणं त्यांना मंजूर नव्हतं. टपाल माणसाच्या हातात पडलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं आणि ते प्रत्येक दारात ऐकवत.

फेरीचा शेवट बी विंगच्या चौथ्या मजल्यावर, भिकाजी परबांकडे. सगळे त्यांना नाना म्हणत. ऐंशीच्या पुढचे, एकटे, मूळचे कुडाळकडचे. गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीतून उतरलेली प्रत्येक पेटी कागदावरच्या आकड्याशी ताडून बघायची, यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि ती सवय गुडघ्यांसारखी सुटली नाही. गुडघे सुटल्यावर त्यांनी खाली उतरणं बंद केलं. बिल हातात पडलं की ते भिंग काढत आणि पहिल्या ओळीपासून तपासायला घेत. पाणी पास, सफाई पास, जिन्यातला दिवा पास. मग बोट एका ओळीवर येऊन थांबे.

"ह्या सिंकिंग फंड म्हणजे काय ता? बुडता कोण?"

मग भीमराज समजावत. इमारत जुनी होत जाते, एक दिवस मोडकळीला येणार, त्या दिवसासाठी आत्तापासून थोडं थोडं बाजूला ठेवायचं. नाना मधूनमधून हरकती घेत. इमारत पडेपर्यंत आपण दोघं असणार आहोत का, असं विचारत. एक चहा होई, त्यावर दुसरा होई. शेवटी नाना भिंग डबीत ठेवून निकाल देत, "कळूक नाय. फुडल्या म्हयन्यात परत सांग."

भीमराज चरफडत खाली उतरत. इतका साधा मुद्दा एका शिकलेल्या माणसाच्या डोक्यात शिरू नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. पुढच्या वेळी तो अजून सोपा करून कसा सांगायचा, याची जुळवाजुळव ते जिन्यातच सुरू करत.

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्यात हात घालायची बुद्धी कुणाला व्हावी? तर ती भीमराजांनाच झाली.

त्याचं मूळ सम्यकच्या एका व्हिडिओ कॉलमध्ये आहे. त्याच्या कंपनीत पर्यावरणाचं एक वेगळं खातंच आहे आणि सम्यक त्या खात्यात आहे. बापाच्या मांडीवर बिलांचा गठ्ठा बघून तो हसला आणि म्हणाला की, बाबा, तुमची सोसायटी अजून कागदावरच आहे का, यापायी किती झाडं जातात माहीत आहे का तुम्हाला? भीमराजांना झाडांपेक्षा ते हसणं लागलं. त्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत कबुतरं, पार्किंग आणि गळती हे तीन नेहमीचे विषय संपल्यावर ते उभे राहिले आणि आपली बिलं यापुढे इलेक्ट्रॉनिक व्हावीत, असा ठराव त्यांनी मांडला. टाळ्या पडल्या. निरांजनच्या सभेत टाळ्या पडल्याची याआधीची नोंद नाही. टाळ्यांचा एक तोटा असा की त्या वाजत असताना माणसाला विचार करता येत नाही. बिलं फोनवर गेली तर फेरीचं काय, हा प्रश्न भीमराजांना घरी जाऊन भात लावेपर्यंत पडला नाही. तेव्हा ठराव वहीत चढला होता.

सेक्रेटरी नमिता वैती ही अतिशय कर्तबगार मुलगी. खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं घर, आजी अजून बाजारात मासळी घेऊन बसते, ही बीकेसीच्या काचेच्या इमारतीत बसते, आणि झटपट सौदा उरकायची कला दोघींत सारखीच. ती म्हणाली, "काका, झकास आयडिया आहे. तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी करते सगळं." या वाक्यानंतर भीमराजांच्या हातात काही राहिलं नाही.

पहिली अडचण अशी निघाली की कागद बंद करायला सभासदाची संमती लागते आणि ती कागदावर लागते. फॉर्म तीन प्रतींत. एक सोसायटीला, एक ऑडिटरला आणि एक कशाला हे कुणालाच माहीत नव्हतं, पण तीन लागतात. ते फॉर्म भीमराजांनीच घरोघर नेले. त्या फेऱ्या त्यांना आवडल्या, हे कबूल केलं पाहिजे. मग ई-मेलचे पत्ते गोळा करणं आलं. काहींनी नातवाचा दिला, एकाने पूर्वी सोडलेल्या नोकरीतला दिला. तळमजल्यावरच्या राजाराम केणींनी मुद्दाम चुकीचा दिला आणि तसं सगळ्यांना सांगितलंही. मेल ठेवायला परदेशात मोठमोठी गोदामं असतात, तिथे अहोरात्र एसी चालतो, मग झाडं वाचली कुठे, असा त्यांचा सवाल होता. भीमराजांनी तो सम्यकला फोनवर विचारला. सम्यक म्हणाला की तेही खरंच आहे, पण मोठं चित्र बघायचं असतं. भिकाजीनानांकडे साधा बटणांचा फोन होता. त्यांच्या बिलासाठी बडोद्याला असलेल्या त्यांच्या मुलीचा, शीतलचा, पत्ता लिहिला गेला.

जानेवारीत पहिली ई-बिलं सुटली. देखणी होती. सोसायटीचं चिन्ह, रंगीत रकाने आणि सगळ्यात खाली हिरव्या अक्षरांत एक ओळ: हे बिल छापण्याआधी पर्यावरणाचा विचार करा. फक्त मांडणीत काहीतरी चुकलं होतं, त्यामुळे ती ओळ पहिल्या पानावर मावेना आणि एकटी दुसऱ्या पानावर जाऊन बसली. म्हणजे बिल छापलं की दोन पानं, आणि दुसऱ्या पानावर तेवढाच उपदेश. नमिताने ज्यांच्याकडून बिलांचं अॅप घेतलं होतं त्यांना कळवलं. त्यांनी तक्रार क्रमांक दिला.

छापतंय कोण म्हणाल, तर सगळेच. कुणाला मुलाच्या शाळेत पत्त्याचा पुरावा द्यायचा होता, कुणाला गॅसचं कनेक्शन बदलायचं होतं, कुणाला ऑफिसात जोडायचं होतं, आणि बाकीच्यांना फोनवरचं बिल खरं वाटत नव्हतं. बिलाखाली लिहिलं होतं की हे संगणकावर तयार झालं आहे, सहीची गरज नाही. काउंटरपलीकडचे लोक ते वाक्य वाचून बिल परत करत आणि सही-शिक्क्याचं घेऊन या म्हणत. नमिता दिवसभर बीकेसीत, म्हणून शिक्का वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला गेला. वॉचमनला शिक्का मारायची गोडी लागली. तो कुरिअरच्या पावत्यांवरही मारू लागला आणि एकदा दुधाच्या पिशवीवर उमटलेला आढळला. मग ऑडिटर आला आणि म्हणाला की फाइलला सगळ्या बिलांची हार्ड कॉपी लागेल. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिथुनचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याने त्या महिन्यात दुसरं मशीन आणलं आणि दाराला नवी पाटी लावली. पूर्वी अर्ध्या कागदात भागत होतं, आता दोन पूर्ण कागद लागत होते, हा हिशेब भीमराज मनाशी रोज करत आणि कुणाला सांगत नसत.

पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. जानेवारीच्या एक तारखेला ते सवयीने इस्त्रीचा शर्ट घालून निघालेच. हातात गठ्ठा नव्हता, म्हणून हात कुठे ठेवावा हे कळेना. घंटी वाजवून ते मेल आला का विचारू लागले. लोक आला म्हणत आणि दार अर्धंच उघडत. आत बोलवायला कारण लागतं आणि पूर्वी ते कारण भीमराजांच्या हातात असे. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या तरुण सपनाने दार उघडलं. तिच्या कानाला फोन होता. तिने तो बाजूला धरला आणि म्हणाली, "काका, मेसेज टाका ना. एवढे जिने कशाला चढता या वयात?"

तिच्या बोलण्यात माया होती. तेच जास्त लागलं. भीमराज बरं म्हणाले आणि तिथूनच मागे फिरले. चौथा मजला राहिला.

दोन-चार दिवसांनी नानांकडे सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी निरोप आणला. नाना विचारतात, बिल का नाही? भीमराजांनी उलट निरोप दिला की बिल शीतलकडे मेलवर गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप आला. नाना म्हणतात, मला सोसायटीतून काढून टाकलं काय? यावर स्वतः वर जाऊन नीट समजावून सांगायला हवं, हे भीमराजांना दिसत होतं. पण ज्याच्या ठरावाने म्हाताऱ्याचं बिल बंद झालं त्यानेच रिकाम्या हातांनी जाऊन काय सांगायचं? शिवाय आपण नानांचे मित्र आहोत की नाही, हे त्यांना कधी नक्की ठरवता आलं नव्हतं. इतकी वर्षं दोघं भांडलेच होते. पुढच्या एक तारखेला जाऊ, असं त्यांनी ठरवलं.

त्याआधी सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदनाला बाहेरून प्रमुख पाहुणे आणले होते. त्यांच्या हस्ते भीमराजांचा हरित सभासद म्हणून सत्कार झाला. जाड कागदावरचं प्रमाणपत्र, त्याला प्लास्टिकचं लॅमिनेशन, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ आणि पिंपळाचं एक रोप. गायसमुद्र्यांना आवडेल म्हणून पिंपळ मुद्दाम शोधून आणला होता. सोसायटीच्या आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक असल्याने ते रोप लावायला जागा नव्हती. राजारामांनी तिथेच मोठ्याने आठवण करून दिली की भिंतीतून पिंपळ उपटायला गेल्याच वर्षी सोसायटीने माणूस लावला होता. पाहुणे भाषणात म्हणाले की या महान पावलामुळे आता एकाही ज्येष्ठ नागरिकाला बिलं घेऊन जिने चढावे लागणार नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भीमराजांनी रोप आणि प्रमाणपत्र दोन्ही घरी नेलं. इतकं झाल्यावर परत जिन्यात दिसणं त्यांना शक्य नव्हतं. माणसाला स्वतःच्या सत्काराची लाज राखावी लागते.

एक फेब्रुवारीला त्यांनी शर्ट घातला आणि खिडकीत पिंपळाशेजारी बसून राहिले. फोन वाजला. प्रिय सदस्य, आपलं बिल तयार आहे. त्यांनी ते उघडलं, सिंकिंग फंडाच्या ओळीवर थोडे थांबले आणि बंद केलं. नाना वाट बघत असतील का, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, बाईंकडून कळलंच असेल त्यांना. दुपारी जेवले, पडले. बरं वाटत नव्हतं, पण ते कशामुळे हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

संध्याकाळी बी विंगमधून बाईंची हाक आली. भीमराज सगळ्यांच्या आधी चौथ्या मजल्यावर पोचले. नाना बाहेरच्या खोलीत, दारापासून दोन हातांवर पडलेले. सकाळी बाई दार ओढून गेल्या, दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असे, आणि मागाहून नाना लॅच काढून ठेवायला उठले होते, भीमराज आले की उठायला नको म्हणून. तिथेच पाय सरकला. खुबा मोडला होता. तोंड सुकलं होतं, पण शुद्ध होती. भीमराज खाली बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि नाना, तुम्ही हाक का नाही मारली, एवढंच विचारू शकले.

"आज एक तारीख मां," नाना म्हणाले. "तू येतलस म्हणान मी आराडूक नाय."

दुसऱ्या दिवशी शीतल बडोद्याहून आली. समंजस बाई. हॉस्पिटलच्या बाकावर ती भीमराजांशेजारी बसून बराच वेळ रडली. बोलता बोलता तिने सांगितलं की काका, गंमत बघा, काल सकाळीच मला बाबांचं बिल आलं होतं, आणि मी ते बघितलंही होतं. बिल वेळेवर पोचलं होतं. योग्य पत्त्यावर पोचलं होतं. सॉर्टिंगमध्ये कसलीही चूक नव्हती. भीमराज ते ऐकून हॉस्पिटलच्या बाहेर आले आणि रस्त्यावर रिक्षांच्या मध्ये उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी सम्यकचा फोन घेतला नाही.

ऑपरेशन झालं. पण नाना आता चौथ्या मजल्यावर चढू शकणार नव्हते आणि लिफ्टचा ठराव पुढच्या सप्टेंबरपर्यंत येणार नव्हता. शीतलने त्यांना बडोद्याला न्यायचं ठरवलं. जायच्या दिवशी गाडी हॉस्पिटलमधून थेट सोसायटीच्या गेटवर आली. नाना मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते. शीतल वर बॅगा भरत होती. नानांनी मान वर करून चौथ्या मजल्याकडे पाहिलं आणि भीमराजांना म्हणाले, "बिल दी माका."

भीमराजांनी नमिताला फोन केला. एरवी ती कागद म्हटल्यावर दहा वाक्यं ऐकवते. यावेळी तिने फक्त हो काका म्हटलं आणि मीटिंगमधूनच बिल पाठवलं. भीमराज मिथुनच्या दुकानाकडे जवळजवळ धावतच गेले. मिथुन म्हणाला की दुसरं पान राहू दे, काका, त्यावर काहीच नसतं. भीमराज म्हणाले की छाप, टपाल अर्धं द्यायचं नसतं. परत येऊन वॉचमनकडून शिक्का मारून घेतला. तो जरा तिरका पडला.

गाडीच्या खिडकीतून त्यांनी बिल नानांच्या हातात दिलं. नाना भिंग शोधू लागले. ते वरच्या बॅगेत गेलं होतं. मग भीमराजांनी खिडकीत वाकून एकेक ओळ वाचून दाखवली आणि नाना डोळे मिटून ती तपासत गेले. पाणी पास. सफाई पास. जिन्यातला दिवा पास. मग भीमराज मुद्दाम थांबले. नानांनी डोळे उघडले.

"ह्या सिंकिंग फंड म्हणजे काय ता?"

भीमराज सांगायला लागले. घाई करायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. शीतल बॅगा घेऊन उतरली, डिकी लागली, ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तरी ते सांगत राहिले. इमारत जुनी होते, नाना. कितीही डागडुजी केली तरी एक दिवस ती जाणारच. तो दिवस काही आपल्याला विचारून येत नाही. म्हणून चाललंय तोवरच दर महिन्याला थोडं थोडं बाजूला ठेवायचं. इतकंच आहे ते. यावर आता काय हरकत येते याची ते वाट बघू लागले. हरकत यावी, असं त्यांना इतकं कधीच वाटलं नव्हतं. पुढच्या महिन्यात परत सांग म्हटलं असतं, तर ते बडोद्याला गेले असते.

नानांनी पहिलं पान घडी घालून खिशात ठेवलं. दुसरं उलटसुलट करून पाहिलं, त्यावरची हिरवी ओळ त्यांना दिसली की नाही कोण जाणे, आणि ते खिडकीतून भीमराजांना परत दिलं.

"कळला," ते म्हणाले.

गाडी गेली. भीमराज ते पान हातात धरून गेटवर उभे राहिले. मग ते नीट चार घड्या करून त्यांनी शर्टाच्या खिशात घातलं आणि घरी जाऊन पिंपळाला पाणी घातलं.